किरकटवाडी ते गोऱ्हे: साडेपाच किलोमीटरच्या वायरलेस लिंकच्या नोंदी

२७ सप्टेंबर २०२५, शनिवार. पाहणी

मामाचा फ्लॅट पुण्याजवळ किरकटवाडीत, अकराव्या मजल्यावर. शेतातलं घर गोऱ्हे बुद्रुकला, उतारावर. फ्लॅटमध्ये १०० एमबीपीएसचं फायबर आहे आणि ते वापरायला तिथे फारसं कोणी नसतं. शेतावर मोबाइलला एक काडी दिसते, तीही गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं राहिलं तर. फायबरवाल्याने "खांब टाकावे लागतील" म्हणून जो आकडा सांगितला तो ऐकून मामा म्हणाला, "त्यात एक म्हैस येते." म्हणून ही लिंक: फ्लॅटमधलं नेट दोन डिश लावून हवेतून शेतावर न्यायचं. दोन्ही टोकं मामाचीच आहेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना नेट विकायचं असेल तर परवाना लागतो, त्या वाटेला जाऊ नका.

नकाशावर अंतर ५.६ किलोमीटर. दुर्बिणीतून शेताच्या गच्चीवरची निळी टाकी फ्लॅटच्या गच्चीवरून स्पष्ट दिसली. मध्ये खडकवासला धरणाचं पाणी, सध्या काठोकाठ. मध्यावर लहरीला आजूबाजूला साधारण नऊ मीटरची मोकळीक लागते आणि त्यातली निदान साठ टक्के तरी मिळायला हवी. पाण्यावर झाड नाही, इमारत नाही. "यापेक्षा सोपी लिंक मिळणार नाही," असं मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलंय. पुढे वाचा.

सोसायटीची परवानगी घेतली. सेक्रेटरीकाकांची अट एकच: गच्चीच्या स्लॅबला भोक पाडायचं नाही. कठड्याला क्लॅम्प चालेल.

२ ऑक्टोबर, दसरा. घरी टेबलावर

मायक्रोटिकच्या एलएचजी ५ या दोन जाळीच्या डिश आणल्या, २४.५ डीबीआयच्या (डिश लहर एका दिशेला किती एकवटते त्याचं माप). दोन्ही मिळून ११,२०० रुपये. डिशची पूजा झाली, झेंडूचं फूल अजून एकीच्या मागच्या बाजूला अडकलंय.

दोन्ही रेडिओ आधी टेबलावर समोरासमोर ठेवून पूर्ण चालू करायचे आणि मगच पोलवर न्यायचे, हा माझा नियम. तो पाळला तरी चार तास गेले. कुठे गेले ते लिहितो.

एक. दोन्ही डिशचा मूळ पत्ता १९२.१६८.८८.१. एकाच स्विचला दोन्ही जोडल्या आणि मी भलत्याच डिशमध्ये सेटिंग बदलत बसलो. आता मार्करने मागे लिहिलंय: "फ्लॅट, ११" आणि "शेत, १२".

दोन. पेटीतून आलेली डिश स्वतःला घरचा राउटर समजते. हवेची बाजू तिला "बाहेरची" वाटते आणि तिकडून लॉगिन करू देत नाही. आपल्याला मात्र नुसती लांबलचक केबल हवी आहे. त्यामुळे मूळ कॉन्फिगरेशन सगळं काढून कोरी करा. कोरी केल्यावर पत्ताही जातो, मग विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकचं सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) मॅक पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या कायमच्या पत्त्यावरून, शिरायचं. घाबरू नका, डिश मेलेली नसते.

तीन. फ्लॅटकडच्या डिशला "एपी ब्रिज" मोड द्यायला गेलो तर सॉफ्टवेअरच्या परवान्याची चूक दाखवली. या डिशला तिसऱ्या पातळीचा परवाना असतो, तिला एकाहून जास्त ग्राहक जोडता येत नाहीत. मोड नुसता "ब्रिज" ठेवायचा. आपल्याला एकच टोक जोडायचंय, त्यामुळे काहीच अडत नाही.

चार, आणि यात सगळ्यात जास्त वेळ गेला. शेताकडच्या डिशला मी "स्टेशन" मोड दिला. दोन्ही डिश एकमेकींना पिंग करत होत्या, सिग्नल छान, पण शेताकडच्या डिशमागे लावलेल्या लॅपटॉपला पत्ताच मिळेना. केबल बदलली, लॅपटॉप बदलला, बायकोचा लॅपटॉप मागितला (नको होतं मागायला). शेवटी मोड "स्टेशन ब्रिज" केला आणि क्षणात पत्ता मिळाला. साध्या स्टेशन मोडमध्ये डिश मागच्या यंत्रांचे मॅक पत्ते पलीकडे पोचू देत नाही.

शक्तीचं: २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय खुला झाला. त्यातल्या ५७२५ ते ५८७५ मध्ये अँटेनासकट एकूण ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॅट, ही मर्यादा. डिशचेच २४.५, म्हणून रेडिओला ११. देश "इंडिया" निवडला. एवढ्या शक्तीवर ५.६ किलोमीटरला साधारण उणे ६२ डीबीएमचा सिग्नल मिळायला हवा (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस). हा आकडा आधी काढून ठेवा. तो नसेल तर पोलवर चढल्यावर "आलं की सिग्नल!" म्हणून खूश व्हाल आणि फसाल.

४ ऑक्टोबर, शनिवार. फ्लॅटची गच्ची

कठड्याला दीड इंची जीआय पाइप, दोन क्लॅम्प. डिश बसली. कंपासने दिशा नैऋत्य.

केबल पुण्याच्या तपकीर गल्लीतून (विजेच्या सामानाचा बाजार) घेतली होती, ४० मीटर, १४ रुपये मीटर. दुकानदार म्हणाला, "साहेब, प्युअर कॉपर." मीही मान डोलावली. या वाक्याची किंमत पुढे येईल.

एक अपघात होता होता राहिला. गच्चीवरच्या डक्टमध्ये सोसायटीच्या कॅमेऱ्यांचे इंजेक्टर (नेटच्या केबलमधूनच वीज देणारे अडॅप्टर) पडलेले होते, दिसायला आपल्यासारखेच. हातात घेतला, प्लग लावणार तेवढ्यात मागचं लेबल वाचलं: ४८ व्होल्ट. आपल्या डिशला १० ते ३० व्होल्ट चालतात. लावला असता तर साडेपाच हजारांची डिश सूप गाळायच्या कामाला आली असती. आता माझ्या इंजेक्टरला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे.

५ ऑक्टोबर, रविवार. शेत

सकाळी साडेसहाला निघालो म्हणून पोचलो. रविवारी सिंहगडाला जाणाऱ्यांच्या आणि धरण चौपाटीवर कणीस खाणाऱ्यांच्या गर्दीत आठनंतर सापडलात तर दिवस गेला.

गच्चीवर टाकीशेजारी साडेचार मीटरचा पोल मामाने आदल्या दिवशीच वेल्डिंग करून घेतला होता. "उंच असलेलं बरं," असं मीच सांगितलं होतं.

दिशा धरायला मामीचा हातआरसा. मामेभाऊ फ्लॅटच्या गच्चीवर, मी शेतावर पोलपाशी, मामा आरसा हलवतोय. पाच मिनिटांनी फोनवर ओरड: "चमकलं, चमकलं! टाकीच्या उजव्या हाताला!" कंपास, ॲप, नकाशावरची रेघ या सगळ्यांपेक्षा हे अचूक निघालं. कंपासने मी बारा अंश चुकलो होतो. पोल लोखंडी, कंपास त्याला टेकवलेला, दुसरं काय होणार.

वीज नव्हती. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घेऊन इंजेक्टरच्या पिनला जोडली (४-५ ला धन, ७-८ ला ऋण), डिश सुरू. पोलवर काम करायला हे फार सोयीचं, खालून लांब वायर ओढायला नको.

पहिला सिग्नल उणे ८०. लिंक जोडली गेली, मामा टाळ्या वाजवायला लागला. पण काढलेला आकडा उणे ६२. अठरा डीबीचा फरक म्हणजे आपण मुख्य झोतात नाही, बाजूच्या छोट्या झोतात आहोत. बोल्ट सैल करून डिश पूर्ण डावीकडून उजवीकडे, अक्षरशः इंच इंच, प्रत्येक जागी दहा सेकंद थांबून फिरवली. उणे ८० चा उंचवटा गेला, मग काहीच नाही, मग एकदम उणे ६८. तेच वर-खाली. मग मामेभावाने तिकडची डिश तशीच फिरवली. दोघांनी एकाच वेळी हलवायचं नाही, हे फोनवर तीनदा सांगावं लागलं. शेवट: उणे ६४. दुपारचे एक.

घरातल्या वायफाय राउटरमध्ये केबल वॅनमध्ये न लावता लॅनमध्ये लावली, त्याचं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद केलं, पत्ता १९२.१६८.१.१३. (आधी डीएचसीपी बंद करायला विसरलो होतो. अर्ध्या फोनना फ्लॅटमधून पत्ता, अर्ध्यांना इथून. मामीचा फोन चालतो आणि मामाचा नाही, यावरून घरात थोडं राजकारण झालं.)

वेग ७१ एमबीपीएस. जेवायला मासवडी होती. परत यायला अडीच तास लागले.

६ ते १० ऑक्टोबर. बंद, चालू, बंद

सोमवारी सकाळी पावणेसातला मामाचा फोन. "गेलं." नऊला पुन्हा फोन. "आलं. तू काय केलंस?" मी काहीच केलं नव्हतं.

मंगळवारीही तेच. मी फ्लॅटवर जाऊन लॉग उघडला तर शेताकडच्या डिशच्या नोंदींवर तारीख १९७०. या डिशमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, वीज गेली की वेळ विसरते. नेटवरून वेळ घेणारं एनटीपी लावलं नव्हतं. रात्री शेतावर लाईट जाते-येते, त्यामुळे कधी काय झालं ते कळायला मार्ग नाही. एनटीपी दोन्हीकडे लावलं. हे पहिल्या दिवशी करायची गोष्ट.

दरम्यान मी काय काय संशयित पकडले ते प्रामाणिकपणे लिहितो.

पहिला संशय चॅनलवर. फ्लॅटच्या आजूबाजूच्या गच्च्यांवर इतर नेटवाल्यांच्या डिश आहेत. "फ्रिक्वेन्सी युसेज" चालवून पाहिलं, रात्री नऊला बाजार भरल्यासारखं. ४० मेगाहर्ट्झची रुंदी सोडून २० केली, चॅनल ५७४५ वरून ५८२५. रात्रीचा वेग सुधारला, हे खरं. सकाळचं मात्र जैसे थे. मध्ये एकदा मोकळा दिसला म्हणून ५५०० वर गेलो. तिथे रेडिओला आधी मिनिटभर रडार आहे का ते ऐकत बसावं लागतं, आणि रडारसारखं काही ऐकू आलं की अर्धा तास तो चॅनल बंद. बुधवारी संध्याकाळी दोनदा तसं झालं. परत ५८२५.

दुसरा संशय प्रोटोकॉलवर. नेहमीचं वायफायचं ८०२.११ काढून मायक्रोटिकचं स्वतःचं एनव्ही२ लावलं. वेग थोडा वाढला, पिंग स्थिर झालं. सकाळी सात वाजता लिंक बंद.

तिसरा संशय धुक्यावर. मामा म्हणाला, "सकाळी धरणावर धुकं असतं, त्यात अडकत असेल." मलाही पटलं, याची लाज वाटते. या लहरींना धुकं जाणवतही नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार. स्वतःला बाहेर कोंडलं

एनव्ही२ लावल्यावर आधीचा वायफायचा पासवर्ड लागूच होत नाही, त्याची सुरक्षा वेगळी आणि ती आपणहून चालू होत नाही, हे शुक्रवारी रात्री लक्षात आलं. म्हणजे तीन दिवस लिंक उघडी होती.

लांबचं टोक आधी, जवळचं नंतर, हा क्रम मला माहीत होता. तो पाळून मोबाइलच्या ॲपमधून शेताच्या डिशला नवी की (पासवर्ड) टाकली. लिंक तुटली, अपेक्षेप्रमाणे. मग फ्लॅटच्या डिशला तीच की. जोडेना. पुन्हा. जोडेना. शनिवारी सकाळी गाडी काढून गोऱ्ह्याला. डिशमध्ये केबलने शिरून की उघडी करून पाहिली: फोनच्या कीबोर्डने पहिलं अक्षर कॅपिटल केलं होतं आणि शेवटी एक स्पेस सोडली होती.

विनबॉक्समध्ये "सेफ मोड" नावाचं बटण आहे. ते दाबून बदल केले आणि संपर्क तुटला तर डिश बदल आपोआप मागे घेते. मला ते दहा वर्षं माहीत आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार. केबल

आता दिवसाही त्रास. फ्लॅटकडचा इथरनेट पोर्ट १०० वरून १० वर येतो, कधी पूर्ण जातो, परत येतो. कनेक्टर कापून नवा लावताना तार ब्लेडने खरवडली. वर तांबूस, आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. कनेक्टरजवळ दोनदा वाकवली तर तुटली. डिश वाऱ्याने किंचित हलते तेवढ्याने तिचे टाके ढिले होत होते.

अस्सल तांब्याची, बाहेर वापरायची केबल, ४५ रुपये मीटर. आधीचे ५६० रुपये पाण्यात आणि पूर्ण दिवस गेला. यावेळी डिशपाशी केबलला खाली घेर दिला, म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरपर्यंत न येता घेराच्या तळातून ठिबकतं. पोर्टवर रबर टेप. दिवसाचा त्रास संपला.

सकाळचा नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. दुधाची वही

शेतावर गेलो, मामा दुधाचा हिशेब लिहीत होता. वहीच्या उजव्या पानावर लिटर, डाव्या पानावर काहीतरी वेगळं. विचारलं तर म्हणाला, "तुझं नेट लिहितोय."

बारा दिवसांच्या नोंदी. "सो. ६.४० गेलं ९.०५ आलं. मं. ६.३० गेलं ८.५० आलं." एक दिवस वगळता रोज. आणि त्या एका दिवशी, गुरुवारी: "गेलं नाही. वारा फार."

मी वही हातात घेऊन तसाच गच्चीवर गेलो. समोर धरणाचं पाणी. सकाळचे पावणेआठ, पान हलत नव्हतं. पाण्यात पलीकडचा डोंगर उलटा दिसत होता, झाडं मोजता येतील इतका स्वच्छ.

दोन आठवड्यांपूर्वी याच गच्चीवर आम्ही आरसा हलवत होतो आणि एवढा मोठा आरसा समोर पसरलेला मला दिसला नव्हता. डिशची एक लहर सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून येते. पाणी शांत असलं की दुसरीही जवळजवळ तेवढ्याच जोराने येते आणि उलट्या टप्प्यात पोचली तर पहिलीला खाऊन टाकते. नऊ वाजता वारा सुटतो, पाणी चुरगळतं, दुसरी लहर विखुरते, लिंक परत येते. सोपी लिंक कशी, तर मध्ये काहीच नाही म्हणून!

डिशमध्ये सिग्नल पाहिला: उणे ८३, मग तुटला.

१९ ऑक्टोबर, रविवार. पोलवरून खाली

पाच वाजता उठून मामाकडेच. (मुक्काम केला. मामीने चकल्या तळायला बसवलं.) साडेसहाला पाणी काचेसारखं. डिशचा क्लॅम्प सैल करून पोलवरून खाली सरकवत गेलो. दर वेळी दिशा पुन्हा धरली, आकडा मामाने वहीत लिहिला. उजव्या पानावर, दुधाच्या खाली.

साडेचार मीटर: उणे ८२, तुटतंय. 
साडेतीन मीटर: उणे ७३. 
अडीच मीटर: उणे ६६. 
दोन मीटर: उणे ६४. 

त्याखाली कठडा आड येतो. दोन मीटरवर कायम केलं. हिशेब नंतर घरी येऊन केला तर माझ्या अंदाजी उंचींवर सर्वात वाईट जागा आणि सर्वात चांगली जागा यांत साधारण अडीच मीटरचं अंतर येतं. पोलवर तेच सापडलं होतं. आधी हिशेब केला असता तर दोन आठवडे वाचले असते, पण तेव्हा मी "मध्ये फक्त पाणी आहे" म्हणून निवांत होतो.

उंच पोलसाठी वेल्डिंगचे १,८०० रुपये दिलेले मामाला आठवतात. वरच्या अडीच मीटरवर आता आकाशकंदील लागला आहे, नेट त्याच्या खाली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

चार सकाळी सलग लिंक टिकली. मुलांनी शेतावर एकाच वेळी तीन फोनवर व्हिडिओ लावले, ६८ एमबीपीएस. उरलेलं काम केलं: पोलला अर्थिंगची पट्टी, जमिनीत रॉड. वळवाच्या आधी हे व्हायलाच हवं, पुढे ढकलत होतो. दोन्ही डिशचं कॉन्फिगरेशन फाइलमध्ये काढून मामाच्या पेनड्राइव्हवर ठेवलं.

खर्च, वाया गेलेला धरून: डिश ११,२००, दोन केबली, कनेक्टर, टेप ३,९००, पाइप, क्लॅम्प, वेल्डिंग ३,१००, अर्थिंग १,४००. पेट्रोल धरलेलं नाही. गोऱ्ह्याच्या सहा फेऱ्या, त्यातल्या दोन टाळता आल्या असत्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सिग्नल सकाळी उणे ६५, दुपारी उणे ६४. एकदाही तुटलं नाही.

पण पाणी उतरायला लागलंय. उन्हाळ्यापर्यंत ते दोन मीटर जरी खाली गेलं तरी आरसा दोन मीटर खाली जाईल आणि चांगली जागा पोलवर दुसरीकडे सरकेल. म्हणून पोलवर दर अर्ध्या मीटरला पिवळ्या रंगाच्या खुणा केल्या, पाना टाकीमागे खिळ्याला टांगून ठेवला आणि मामाला क्लॅम्प कसा सैल करायचा ते दोनदा करून दाखवलं. त्याने वहीत डाव्या पानावर नवा रकाना आखलाय: "पाणी".